कोणत्या दिवसाची नक्कल

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. धूळ आत जाऊ नये हे कारण होतं, आणि ते खरंही होतं. परभणीच्या धुळीला कुठल्याही यंत्राने घाबरावं. पण दाराशी चपलांची रांग, आत थंडगार अंधार, काचेमागे हिरवी अक्षरं आणि आत जायची परवानगी मोजक्याच लोकांना, एवढं जमून आल्यावर आमच्या लोकांना पुढचं शिकवावं लागत नाही. उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी पडद्याला कुंकू लावलं. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडला, कारण पाण्याचा थेंब उडाला तर यंत्र बिघडेल असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. मग ते बराच वेळ बोलले. "हा साक्षात मानवी मेंदूच आहे," असं म्हणाले. मेंदूशी त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. भाषण संपायच्या आत लाईट गेली आणि मेंदू बंद पडला.

त्या खोलीचा जिम्मा माझ्या मित्राकडे होता. तो संख्याशास्त्र शिकवायचा. पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आला होता, त्यामुळे यंत्र बिघडलं की सगळे त्याच्याकडे बघत आणि चालू असलं की अध्यक्षांकडे. मी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत असे, म्हणजे ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही अशा मुलांसमोर रोज तासभर उभा राहत असे. आम्ही दोघं औरंगाबादला शिकत असताना एका खोलीत राहायचो. त्याचं गाव चारठाण्याच्या बाजूला, माझं देवगाव फाट्याच्या पलीकडे. तो बौद्ध, मी देशमुखाच्या घरातला. आम्ही एका खोलीत राहतो हे दोन्हीकडच्या नातेवाइकांना आवडत नव्हतं, कारणं वेगवेगळी होती एवढंच.

उन्हाळ्यात शहाणी माणसं त्या खोलीत जाऊन बसत, कारण एअरकंडिशनर तिथेच होता. आम्हीही बसायचो. तिथून उठलं की स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा. लायब्ररीत एक इंग्रजी विज्ञान मासिक दोन-तीन महिने उशिरा येत असे आणि ते वाचणारा सबंध कॉलेजात तो एकटाच होता. त्यात एकदा त्याने वाचलं की पुढेमागे माणसाचा मेंदू जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवता येईल. तेव्हापासून त्याला दुसरा विषय सुचेना.

"समज, तुझ्या मेंदूतली एक पेशी काढली," तो म्हणाला, "आणि तिच्या जागी तेच काम करणारा बारीकसा तुकडा बसवला. तुला काही कळेल?"

"मला माहीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना कळणार नाही, हे नक्की."

"मग दुसरी काढली. मग तिसरी. असं करत करत सगळा मेंदू. शेवटी तू तूच राहशील का नाही?"

"हे घरी विचारून सांगतो."

"चेष्टा नको. आता पुढचं बघ. तो सगळा मेंदू मशीनमध्ये घातला. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. आपणच आत पाठवायचं, हे दिसतंय, हे ऐकू येतंय. त्याला वाटेल, मी परभणीच्या स्टेशनसमोर चहा पीत बसलोय."

"चहा असाच फिक्का असेल तर त्याला संशय यायचं कारण नाही."

"मग आपण आत्ता तसेच नाही कशावरून?"

मी त्याला म्हणालो की जग खोटं आहे हे आमच्याकडे हजार वर्षं सांगतात, मी पगार घेऊन तेच सांगतो. पण बांध दोन बोटं सरकला तर तो मिथ्या आहे असं म्हणून सोडून देणारा माणूस मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही. तो हसला.

"तुमच्याकडं मिथ्या फक्त दुसऱ्याचं दुःख असतं," तो म्हणाला. "आणि तुमची खरी अडचण आत्म्याची आहे. मेंदूची नक्कल केली तर आत्मा कुठं ठेवायचा? आमच्याकडं ती भानगडच नाही. बुद्धानं तो आधीच काढून टाकलाय. मशीनमध्ये जायचं झालं तर आमच्याजवळ सामान कमी."

मी त्याला एकच अडचण सांगितली. माणूस रोज बदलतो. विसाव्या वर्षी मी वेगळ्या प्रकारचा मूर्ख होतो. मग नक्कल घ्यायची ती कोणत्या दिवसाची?

त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "ज्याची घ्यायची, त्याच्या सगळ्यांत चांगल्या दिवसाची."

"तो कुणी ठरवायचा?"

"काही जणांच्या बाबतीत ठरवावं लागत नाही. माहीत असतं."

त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा त्याचे वडील होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

वडिलांना मी बाबा म्हणत असे, तो बा म्हणायचा. उंच, हाडाचे, कमी बोलणारे. निजामाच्या काळात आणि नंतरही गावकीची कामं त्यांच्या घराकडे होती: सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, दारोदार भाकर मागायची. छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले. आल्यावर घरातले देव नदीला सोडले, जनावर ओढायचं बंद केलं आणि भाकर मागायचंही. गावाने त्यांचं पाणी, किराणा, काम, सगळं बंद केलं. त्यांनी तेही दिवस काढले. पुढे अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दंगल पेटली तेव्हा त्यांचं घर जाळलं. म्हैस दावणीला होती. ते परभणीला मुलाकडे आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. मुलाने भाड्याच्या घराच्या ओसरीवर त्यांच्यासाठी खाट टाकली. तिच्यावर ताठ बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जयभीम घालत, आणि समोरचा नुसता हसला तर तो उत्तर देईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. नगरपालिकेचे दोन-तीन बडे लोक त्या गल्लीतून जायचं टाळत असत.

ते विसरू लागले तेव्हा पहिलं गेलं ते परभणी. हे घर कुणाचं, असं विचारू लागले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दंगल गेली. मित्राने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"घर परत उभं राहिलंय त्याच्या डोक्यात," तो म्हणाला. "काल विचारायला लागला, म्हशीला पेंड टाकली का."

"मग काय सांगितलं?"

"टाकली म्हणालो. काय सांगू? जळाली म्हणून सांगू? उद्या परत विसरंल, परत विचारंल. मग काय, रोज नव्यानं घर जाळू?"

तर्कशास्त्रात याला उत्तर आहे, पण ते ओसरीवर देता येण्यासारखं नाही.

मग ते सगळं घरच त्या गावात राहू लागलं. मित्राची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रोज सकाळी म्हशीची खबर देत. मित्र कॉलेजातून आला की शेजाऱ्यांची, पिकाची, लिंबाच्या झाडाची. आज सांगितलेलं उद्याशी जुळलं पाहिजे म्हणून तो फार काळजी घेई. कॉम्प्युटरला आज्ञा लिहिताना घ्यायचा तशीच. तरी चुका होत. वहिनींनी म्हैस व्याली म्हणून सांगितलं, आणि महिन्याभरात विसरून पुन्हा व्याली म्हणून सांगितलं. बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "ती म्हैस हाय का ससा?"

मित्राला या सगळ्याचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. "बघ," तो मला म्हणायचा, "वास्तव म्हणजे दुसरं काय? मेंदूत जे येतं तेवढंच. तो सुखात आहे ना?"

"आत काय येणार ते तू ठरवतोस. म्हणजे तू त्याचा देव झालास. तुम्ही देव मानत नाही ना?"

"हा घरगुती आहे. चालतो."

आठवणींची ही माघार कुठे जाऊन थांबणार, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं. हिवाळ्यात बाबा त्यांच्या लेखी नागपूरहून नुकतेच परतले होते. आगगाडीत उभं राहायला जागा नव्हती, सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, हे ते काल घडल्यासारखं सांगत. पाठ पुन्हा ताठ झाली, आवाज चढला. मी गेलो की मला ओसरीवर समोर बसवत.

"देशमुखाचा ना तू?"

"होय बाबा."

"माझ्या घरचं पानी पिशील का?"

"पितो की."

"गिलास तोंडाला लावून पी. वरून वतून घिऊ नको. मी बघायलोय."

मी ग्लास तोंडाला लावून पीत असे. ते शेवटच्या घोटापर्यंत बघत आणि मान हलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हीच परीक्षा. तेवढ्या महिन्यांत मी त्या घरात जितकं पाणी प्यायलो तितकं आमच्या विहिरीचं प्यायलो नसेन.

"हाच दिवस," मित्र म्हणाला. तो माझ्याकडे न बघता ओसरीकडे बघत होता. "इथं थांबवता यायला पाहिजे होतं. मशीन असतं तर थांबवलं असतं."

मेंदू थांबला नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ऊन आठालाच तापलं होतं म्हणून मी डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला होता. आमच्याकडे रुमाल म्हणजे फेट्यासारखं लांब कापड. पूर्वी ते देशमुख-पाटलांच्या डोक्यावर असायचं, माझ्या डोक्यावर ते उन्हामुळे होतं. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी मला पाहिलं. हात टेकवत सावकाश खाटेवरून खाली उतरले, ओसरीच्या कडेला जिथे सगळ्यांच्या चपला होत्या तिथे जाऊन बसले, आणि मान खाली घालून दोन्ही हात जोडले.

"जोहार, मायबाप."

वहिनी दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे मित्र. मी रुमाल काढला. पण त्यांना जे दिसायचं ते दिसून गेलं होतं, आणि पुन्हा वर बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मित्र पुढे आला. त्याने त्यांना काखेत धरून उठवायचा प्रयत्न केला. "बा, ऊठ. खाली नको बसू. वर बस."

"असू द्या, सायब. हितं बरं हाय."

पॅन्ट-शर्ट, चष्मा, खिशाला पेन. आपला मुलगा पहिलीत जायच्या आधीच्या काळात ते पोचले होते. हा पंचेचाळिशीचा माणूस त्यांच्या दृष्टीने तहसील कचेरीतलाच कुणीतरी असणार. मित्राने भिंतीवरचा फोटो काढून आणला. अशा प्रत्येक घरात असतो तो, कोट घातलेला. "हे कोण? ओळख बरं. बा, हे कोण?" बाबांनी फोटोकडे चोरून पाहिलं, आणि त्यालाही हात जोडले.

"मोठे सायब दिसत्यात," ते म्हणाले. "जोहार, सायब."

मित्राने फोटो परत भिंतीवर लावला. तो सरळ लागेना, म्हणून पुन्हा काढून पुन्हा लावला.

मान, अपमान, स्मृती यांची चर्चा आम्ही पुढेही करू शकलो असतो. पण दुपारपर्यंत प्रश्न पाण्यावर आला. बाबा ग्लासला हात लावीनात. "भांडं बाटंल," म्हणत. तहान लागली की दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरत आणि कुणीतरी वरून ओतील म्हणून वाट बघत. मित्राने त्या ओंजळीत भरलेला ग्लास ठेवला. त्यांनी तो निखारा ठेवावा तसा हळूच जमिनीवर ठेवला आणि पुन्हा ओंजळ धरली. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले. डॉक्टर आले, सलाईन लावलं, बाबांनी सुई उपसून टाकली. डॉक्टर म्हणाले, या उन्हात हे टिकायचे नाहीत, पाणी पोटात गेलं पाहिजे, कसंही करून.

"मी वतते वरून," वहिनी म्हणाल्या. "त्यात काय झालं?"

"या घरात न्हाई," मित्र म्हणाला.

"असं काय करायलात? त्येंला तहान लागलीय."

"त्यानं ज्या दिवशी ओंजळीनं पाणी प्यायचं सोडलं, त्या दिवशी आपण माणसात आलो. माझ्या घरात माझ्या बापाला वरून पाणी ओतायचं व्हय?"

"अन् तहानेनं मेले मंग?" वहिनी म्हणाल्या. "कोन्या माणसात ऱ्हानार तुमी?"

तो आत गेला. बाहेर आला तो जुनं धोतर नेसून, उघडाच, खांद्यावर घोंगडी टाकून. त्याने चष्माही काढला होता. बाबांना आपण साहेब दिसतो ना, मग त्यांच्यातलाच एक होऊन दाखवतो, अशी त्याची युक्ती होती. मला ती पटली. आम्ही दोघंही शिकलेले असल्यामुळे असल्या गोष्टी आम्हाला लवकर पटतात. तो चपलांपाशी बाबांच्या शेजारी जाऊन बसला, ग्लास घेतला आणि तोंडाला लावून प्यायला. मग तोच ग्लास त्यांच्यापुढे धरला. "घे बा. मी पेलो. काही होत न्हाई."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत ओळखीसारखं काही आलं. त्यांनी त्याच्या हातातला ग्लास काढून लांब सारला. मग माझ्याकडे एक नजर टाकून, मला ऐकू जाऊ नये म्हणून, त्याच्या कानाशी झुकले.

"येडा हाईस का, लेका? त्येंच्या भांड्याला तोंड लावतूस? मारून टाकतील तुला."

आणि भीतीने त्यांनी ओंजळ धरणंही सोडून दिलं. हात पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडात थेंब गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती. मी मित्राला बाजूला घेतलं. म्हणालो, तू आत जा, मी ओततो. त्यांना मी देशमुखच दिसतो.

"तू आहेसच," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तुमच्या हातचं त्यानं लय पेलं," तो म्हणाला. "आता नको. रुमाल दे तुझा."

त्याने माझा रुमाल डोक्याला गुंडाळला. त्याला जमेना. मी बांधून दिला. वहिनींनी तांब्या भरून आणला. तो बाबांसमोर उभा राहिला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "किती वरून ओतायचं?"

मी त्याला दाखवलं. कोपर खांद्याइतकं वर आणायचं. धार बारीक ठेवायची, म्हणजे पाणी उडून आपल्या पायावर येत नाही. तांब्या खाली आणायचा नाही, ओंजळ वर येऊ द्यायची नाही. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणी आमच्या दारात पाहिलं असणार. एवढी वर्षं ते माझ्या डोक्यात कुठल्या कप्प्यात होतं कोण जाणे. आणि माझ्या मेंदूची नक्कल कुणी घेतलीच, तर तेही तिच्यात येईल.

"पानी घे," मित्र म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

बाबांनी ओंजळ धरली. पाणी पडू लागलं तसे ते प्यायले. आधी घोट अडकत होता, मग घशाचा आवाज होऊ लागला. कोपरांवरून पाणी धोतरात गळत होतं. तांब्या संपला. वहिनींनी दुसरा आणला, तोही बराचसा संपला. मित्राने हात खाली घेतला नाही.

बाबांनी बाहीने तोंड पुसलं. नजर जमिनीकडेच होती.

"मायबाप, एक इचारायचं हुतं."

मित्राच्या आधी मीच म्हणालो, "विचार."

"माजं बी एक लेकरू हाय. चलाख हाय. त्याला साळंत घालावं म्हनतो. तुमी न्हाई म्हनू नगा." आणि लगेच घाईने पुढे बोलले, "गुरं राखून जाईल तो. कामाला खाडा पडू द्यायचा न्हाई."

मी मित्राकडे पाहिलं नाही. वहिनी आत निघून गेल्या.

"घाल," तो शेवटी म्हणाला. "घाल साळंत."

बाबांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "लय उपकार झाले, मायबाप."

दुपारी आम्ही मागच्या दारात बसलो होतो. तो मग म्हणाला, "साळंत त्यानं घातलं मला, अन् श्रेय गेलं रुमालाला."

"त्यांनी खरंच विचारलं होतं का कुणाला?"

"मला तरी कधी बोलला न्हाई."

"विचारलं असेल तर गावातले नाही म्हणाले असतील."

"म्हणालेच असतील. तरी घातलं." तो पुढे म्हणाला. "मी तुला सांगत हुतो ना, चांगल्या दिवसाची नक्कल घ्यायची. हा दिवस मी पुसून टाकला असता. जोहार घालणारा बाप कशाला ठेवायचा? अन् त्याच्याबरोबर हे साळंचंही पुसलं गेलं असतं. मला कळलंसुद्धा नसतं."

वर्गात असतो तर मी यावर काहीतरी बोललो असतो.

त्यानंतर रोज सकाळी तेच झालं. रात्रीत बाबा आदला दिवस विसरत. सकाळी मित्र कॉलेजला जायच्या आधी रुमाल बांधून उभा राही, तांब्या वर धरी, बाबा पीत, तोंड पुसत, आणि विचारत. शब्द थोडेही बदलत नसत. गुरं राखून जाईल तो. कामाला खाडा पडू द्यायचा न्हाई. रोज तीच भीती, आणि "घाल" ऐकल्यावर रोज तेवढंच सुटल्यासारखं होणं. दुपारी-संध्याकाळी वहिनी ओतत. त्यांना ते काही विचारत नसत. मित्र कॉलेजात यायचा, चपला काढून त्या थंड खोलीत बसायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. यंत्र चालू आहे की बंद, हे त्याच्या लक्षात नसायचं. एकदा म्हणाला, "तो परवानगी घेऊन मरणार. मीच देतोय, अन् तरी ती रुमालवाल्यांचीच आहे." त्याला झोप येत नव्हती हे दिसत होतं. बापाला पाणी पाजण्यासाठी त्याने जे जग उभं केलं होतं, त्यात बापाला मान वर करायची सोय नव्हती, आणि ते बदलायला गेलं तर पाणी बंद होणार होतं.

शेवटी एका सकाळी, मी तिथे असतानाच, त्याने ते बदललं. बाबा पाणी प्यायले, तोंड पुसलं, लेकराला साळंत घालावं म्हनतो म्हणाले, तुमी न्हाई म्हनू नगा म्हणाले. मित्राने तांब्या खाली ठेवला.

"मला कशाला इचारतूस?" तो म्हणाला. "लेकरू तुजं हाय."

मालकाच्या तोंडून असलं उत्तर म्हणजे एकतर राग, नाहीतर सापळा. बाबा आता पुन्हा हात पोटाशी घेऊन भिंतीला टेकणार आणि पाणी प्यायचं सोडणार, असं मला वाटलं. मित्रालाही तेच वाटलं असावं. बाबा हलले नाहीत. मग त्यांनी मान वर केली आणि रुमालाखालच्या तोंडाकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "मी तर घालनारच हुतो. गावात ऱ्हायचं म्हनून इचारलं."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा ओंजळ धरली. तहान राहिली होती. मित्राने तांब्या उचलला, कोपर खांद्याला आणलं आणि ओतलं.

बाकी सगळं ते पूर्वीसारखंच रात्रीत विसरत, पण दुसऱ्या दिवसापासून काही विचारेनासे झाले. चपलांपाशीच बसत, ओंजळीनेच पीत, जोहारही घालत. पाऊस लागायच्या आत गेले. खाटेवर त्यांना आम्ही ठेवलं ते त्यानंतर.